चांदीचा अडलेला पान्हा

शुक्रवार, ६ मे २०१६. पहाटे साडेपाच, कोल्हापूर. हजर: मी, माझे यजमान अनंतराव, गाडी चालवायला, आणि आमची चौदा वर्षांची गाडी, जिला हजेरीत धरलं ते बरंच झालं. सामान: दोन बॅगा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाच लिटर पाण्याचे दोन कॅन.

कॅन मी यादीत सगळ्यात वर लिहिले होते. वर्तमानपत्रांत रोज मराठवाड्यातल्या कोरड्या धरणांचे फोटो येत होते. "अगं, औरंगाबादला चाललोय, वाळवंटात नाही," अनंतराव म्हणाले. मी दोन्ही कॅन डिकीत ठेवले आणि यादीवर खूण केली.

कामं दोन होती. पहिलं सरकारी: तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि मी बाहेरची परीक्षक. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दुसरं काम म्हणजे रहीमभाईंची म्हैस.

रहीमभाई आता निवृत्त आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी मी औरंगाबादला नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बेडकाच्या स्नायूचं आकुंचन नोंदवायला फिरत्या नळकांड्यावर धुरानं काळा केलेला कागद लावत. तो कागद रहीमभाईंइतका एकसारखा काळा करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दरवर्षी कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञावरचा माझा तास असला की ते दाराशी उभे राहून ऐकत. हा गृहस्थ खरा पचनाचा अभ्यासक. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ सुटते. पोटाचा अभ्यास बाजूला राहिला आणि उरलेलं आयुष्य त्यानं या शिकलेल्या प्रतिक्रियांना दिलं. तास संपल्यावर रहीमभाई म्हणाले होते, "मॅडम, हे तर आमच्या म्हशीला बी येतं. बादली वाजली का पान्हा सोडती." ते उदाहरण मी तेव्हापासून दरवर्षी वर्गात देते.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, लई परेशानी झाली. चांदी दूधच देऊ नाय राहिली. डॉक्टर म्हणतो तब्येत एकदम चांगली. कास भरलेली दिसती, पण सोडत नाय. तुम्ही येऊच राहिले तर बघून जा."

"रहीमभाई, मी माणसांची डॉक्टर. तीही वर्गातली."

"ते रशियावाले तरी कुत्र्यांचे डॉक्टर होते का?" ते म्हणाले. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. रविवारी सकाळी फुलंब्रीचे जनावरांचे व्यापारी सांडूभाऊ टेम्पो घेऊन येणार होते. तोवर चांदीनं दूध दिलं तर ठीक, नाहीतर ती त्यांच्याबरोबर जाणार. दूध न देणाऱ्या म्हशीला रोज पाजायला लागणारं पाणी या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ नव्हतं.

बीड बायपास

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दशम्या संपल्या, ऊन संपलं नाही. संध्याकाळी नलिनीच्या घरी पोचलो. नलिनी माझी जुनी सहकारी. मी इथून गेले तेव्हा बायपासच्या पलीकडं ज्वारी होती. आता तिथं सातमजली इमारती आहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी टँकरची पाळी लिहिलेला फळा.

"तूच म्हणायचीस ना, इतक्या लांब कोण राहायला येणार?" नलिनी म्हणाली.

"चुकले. पण पाणीसुद्धा येणार नाही म्हणायचे, ते तर बरोबर ठरलं."

शनिवारी पहाटे मोरीतल्या नळानं फुसफुस केली. पाणी नव्हतं, नुसती हवा. तेवढ्या आवाजानं घरातली चारही माणसं उठून बसली. नलिनीचे यजमान डोळे न उघडता बादली घेऊन मोरीत गेले. मी विचारलं, गजर लावता का? नलिनी म्हणाली, "गजर कशाला? नळानं श्वास घेतला की जाग येते. गेल्या महिन्यात पुण्याला लेकीकडं गेले होते, तिथं प्रेशर कुकरच्या वाफेला दचकून उठले." माणसांना किती लवकर शिकवता येतं याचं मला नवल वाटलं. म्हशीचा विचार मात्र तेव्हा मनात नव्हता. परीक्षेला पोचायचं होतं.

परीक्षा दीडला आटोपली. शेवटच्या मुलीला मी शिकलेल्या प्रतिक्रियेवर विचारलं. तिनं घंटा, कुत्रा, लाळ असं घडाघडा सांगितलं. घंटा वाजवून अन्न दिलंच नाही तर, तेही बरोबर सांगितलं: हळूहळू लाळ बंद होते. मी सहज पुढं विचारलं, "आणि घंटाच वाजवली नाही तर?" ती हसली. "मग कुत्र्याला कळणार कसं, मॅडम?" मी गुण दिले, सही केली, निघाले. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईला उत्तर हातात मिळालं होतं, आणि ते मी गुणपत्रिकेच्या पाकिटात बंद करून आले.

खुलताबाद

दौलताबादच्या पुढं घाट चढताना गाडी तापली. बॉनेटमधून वाफ आली. सावलीला झाड नाही, डोंगर करपलेले. अनंतरावांनी अर्धा तास थांबून, पहिला कॅन रेडिएटरमध्ये रिकामा केला तेव्हा कुठं आम्ही वर पोचलो. "वाळवंट नाही म्हणत होता ना?" मी म्हणाले. त्यांचं तोंड आणि रेडिएटर दोन्ही कोरडे होते.

रहीमभाईंचं घर गावाच्या तटाबाहेर, शेताच्या कडेला. घरात ते, त्यांच्या बेगम जुबेदाभाभी, सून शबाना आणि तिची तीन वर्षांची सना. मुलगा चितेगावला कारखान्यात, शिफ्टमुळं आठवड्याला येतो. चांदीचं रेडकू मार्चमध्ये दगावलं. पेरूच्या झाडाखाली चांदी बांधलेली होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून हे नाव. ती माझ्याकडं बघून रवंथ करत राहिली. बाहेरगावच्या परीक्षकाकडं विद्यार्थी असंच बघतात.

भाभींच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. चहा आला तो काळा, लिंबू पिळलेला. "दूध का मत पूछो मॅडम," भाभी म्हणाल्या. "सना पिशवी का दूध मुँह कू नै लगाती. दो घूँट पीती, फिर मेरी तरफ ऐसा देखती जैसे मैं धोका दी. अगले महिने में रोजे. सूरज निकलने से पहले सहरी कू क्या देऊँ?"

सांडूभाऊंच्या ओळखीच्या एका माणसानं एक आणि दोन तारखेला चांदीला पान्हा सुटायची सुई टोचली होती. दूध आलं होतं. तिसऱ्या दिवशी भाभींनी त्याला दारातून परत लावलं. "सुई देख के थरथर काँपती वो. ऐसा दूध बच्ची कू नक्को." मला हे पटलं. पण त्या एका 'नक्को'मुळं रविवार जवळ आला होता.

रहीमभाईंनी वही काढली. जुनी प्रात्यक्षिकाची वही, डाव्या पानावर रेघा, उजवं कोरं. रकाने पाडलेले: तारीख, वेळ, चारा, पेंड, प्यायलेलं पाणी, दूध, शेरा. अठ्ठावीस एप्रिलपर्यंत एका वेळेला चार लिटर. एकोणतीसला अर्धा. त्यानंतर सुईचे दोन दिवस सोडले तर पेलाभर. अशी नोंद ठेवणारा माणूस भेटला की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

"एकोणतीसला नवीन काय झालं? चारा बदलला? माणूस? जागा?"

"चारा तोच. तुमच्या भाभीचा हात मोडून तर तीन आठवडे झाले, शबानाच धार काढती. पंधरा दिवस तिला चांगलं दिलं की."

"आवाज?"

व्हय, आवाज नवा होता. त्याच आठवड्यात घरामागं रस्ता रुंद करायला जेसीबी आला होता. माझी कळी खुलली. त्या रशियन शास्त्रज्ञालाही हाच त्रास झाला होता: अनोळखी आवाज झाला की शिकलेली प्रतिक्रिया अडते. त्यानं शेवटी जाड भिंतींची शांत प्रयोगशाळा बांधून घेतली. माझ्याजवळ भिंती नव्हत्या, अनंतराव होते. त्यांना जेसीबीवाल्याकडं पाठवलं. ते पंधरा मिनिटांनी परतले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माणसांची झोपमोड होते म्हणून आजवर कोणी थांबवलं नाही, म्हशीसाठी पहिल्यांदाच. तंबाखू दिली, थांबलाय."

सगळीकडं शांत झालं. शबानानं ओल्या फडक्यानं कास पुसली, बादली वाजवली, खाली बसली. दहा मिनिटं आम्ही चौघं श्वास रोखून उभे. पेलाभर. चांदीनं शेपटीनं शबानाच्या डोक्यावरची ओढणी उडवली आणि विषय संपवला.

मग बादली. वही म्हणत होती नवी नाही, तरी मी माळ्यावरून जुनी पितळेची काढायला लावली. रहीमभाईंनी ती इतकी वाजवली की शेजारचं कुत्रं आलं. तेवढंच एक जनावर आमच्या प्रयोगाला प्रतिसाद देऊन गेलं.

जेवायला पत्रावळी होत्या. मला लग्नघर आठवलं. शबाना म्हणाली, "धुवायला पाणी नाय ना मॅडम." ज्वारीची भाकरी, खट्टी दाल, मिरचीचं सालन, भात. आमच्या कोल्हापुरी तिखटाला माणूस निदान आधी घाबरतो. हे सालन गोड बोलून घेऊन गेलं आणि मग कान पेटले. जेवण झाल्यावर मी सवयीनं हात धुवायला पुढं केला. भाभींनी डाव्या हातानं माझ्या हाताखाली घमेलं धरलं. मी चूळ भरली ती मात्र बाहेर, मातीत. सना त्या ओल्या जागेकडं टक लावून पाहत राहिली. नंतर समजलं की घमेल्यातलं पाणी पेरूला जातं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या वहीत लिहून ठेवलं: चूळ घमेल्यातच.

रविवार, सकाळ

साडेपाचची धार शबानानं भाभींची साडी नेसून काढली. कल्पना माझीच. माणूस बदलल्याचा धक्का उशिरा बसला असेल तर, असा माझा तर्क. निघालं तितकंच. भाभी ओट्यावर बसून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "मेरी साडी में तो मेरे मियाँ भी नै फसते मॅडम, ये तो भैंस है."

साडेआठला सांडूभाऊ टेम्पो घेऊन आले. पांढरी टोपी, गळ्यात गमछा, माणूस वाईट नव्हता. त्यांनी चांदीची कास दाबून पाहिली, दात पाहिले, माझी वही पाहिली.

"मॅडम, म्हशीला शाळेत घालू राहिले का?"

"शाळेत नाही. तिनं शिकलेलं ती कशानं विसरली ते बघतेय."

"ती नाय विसरली. म्हैस विसरत नसती. तुमचंच काहीतरी चुकू राहिलं." असं म्हणून ते टेम्पोत म्हैस चढवायची फळकुटं काढायला गेले. त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं होतं, पण त्या दोन दिवसांत झालेलं सगळ्यात शास्त्रीय विधान तेच होतं.

भाभी चांदीला शिळी भाकरी भरवत होत्या. डाव्या हातानं. रहीमभाईंनी दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. माझ्या यादीत आता काहीच उरलं नव्हतं. मी जेसीबी, साडी, बादली या तिन्हींवर काट मारलेलं पान बघत उभी होते आणि मला रहीमभाईंच्या नजरेला नजर देववत नव्हती. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून पाच दिवस काढले होते.

आम्हालाही निघायचं होतं म्हणून अनंतरावांनी बॉनेट उघडलं आणि दुसरा कॅन काढला. गाडी पेरूजवळच लावलेली. बाटलीचा वरचा भाग कापून केलेलं नरसाळं रेडिएटरला लावून ते वरून पाणी ओतू लागले. गळगळ गळगळ आवाज. नरसाळं भरून वाहिलं आणि धार खाली पडलेल्या पत्र्यावर ताडताड वाजली.

"अहो, सांडू नका!" मी ओरडले.

चांदीनं रवंथ थांबवलं. दोन्ही कान गाडीकडं वळवले. मागचे पाय फाकवून ती स्थिर उभी राहिली, शेपूट बाजूला धरली.

"अम्मी!" शबाना म्हणाली. "अम्मी, टपक रहा!"

खालच्या मातीत पांढरे थेंब पडत होते. एक, दोन, मग मोजता येईनात.

मला त्या परीक्षेतल्या मुलीचं हसणं आठवलं. घंटाच वाजवली नाही तर कळणार कसं. "भाभी," मी म्हणाले, "धार काढायच्या आधी कासेवर पाणी मारत होता का?"

"मारते थे ना. एक लोटा, कोमट. कास धुने कू." त्या थांबल्या. "फिर टँकर हफ्ते कू एकच हुआ, तो मैं बोली लोटा बंद, कपडे से पोंछो."

"कधीपासून?"

शबाना अभिमानानं म्हणाली, "दहा दिवस झाले मॅडम. म्हशीच्या अंगाला एक थेंब नाय घातला. अब्बा म्हणले शाब्बास."

रहीमभाई वही उघडून उभेच होते. एकोणतीस एप्रिल. "मी चारा लिहिला," ते हळू म्हणाले, "पेंड लिहिली, पिण्याचं पाणी लिहिलं. कासेचं पाणी कोण लिहितं, मॅडम?" मीही चूक तीच केली होती. नवीन काय झालं, एवढंच विचारत राहिले. काय बंद झालं ते विचारलंच नाही. आणि पाणी वाचवलं ही त्या घरात सांगायची गोष्ट नव्हतीच, करायची होती. बादलीचा आवाज आम्ही सगळ्यांनी घंटा धरला होता. चांदीनं घंटा म्हणून लोटा धरला होता.

अनंतरावांनी कॅन माझ्या हातात दिला. गाडीत राहून पाणी कोमट झालंच होतं. एक तांब्या, वरून, कासेवर. शबाना बसली. पहिल्या दोन धारा बादलीच्या तळावर वाजल्या आणि पुढच्या फेसात बुडाल्या, आवाजच बदलला. पूर्वीइतकं आलं नाही, पावणेदोन लिटर भरलं. दहा दिवसांत कास थोडी आटली होती. पण रहीमभाईंनी रकान्यात तो आकडा लिहिला तेव्हा त्यांचं अक्षर पहिल्यांदाच ओळीबाहेर गेलं.

सांडूभाऊ फळकुटं हातात धरून बघत होते. "म्हणलो होतो ना, ती नाय विसरली." मग अनंतरावांना म्हणाले, "साहेब, तुमच्या रेडिएटरनं माझी म्हैस पळवली." दुधाचा चहा सगळ्यांना झाला. सनानं तिचा पेला दोन्ही हातांनी धरून संपवला आणि उलटा करून दाखवला. टेम्पोत चढताना सांडूभाऊ मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या बारीला माझ्या टेम्पोला शिकवा, डिझेल न पिता चालायचं."

कोल्हापूर

परत येऊन बारा दिवस झाले. येताना गाडी तापली नाही. घरी आल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि लगेच अर्धा केला.

आनंद झाला तरी हिशोब तसाच होता: दिवसाला दोन तांबे, आणि टँकर आणखी लांबला तर तेही नाहीत. निघण्यापूर्वी मी रहीमभाईंना रकाने पाडून दिले. आधी रिकाम्या तांब्यावर चमच्यानं तीन टिचक्या, लगेच पाणी, मग धार आणि वर मूठभर पेंड. दर चार दिवसांनी पाणी कमी करायचं: पूर्ण तांब्या, मग अर्धा, मग ओंजळभर. टिचक्यांचा आणि दुधाचा संबंध चांदीच्या डोक्यात पक्का बसला, की एक दिवस पाणी शून्य. रशियात कुत्र्यांवर जमलं, इथं न जमायला कारण नाही. फक्त तिथं कोणाची सहरी त्यावर अवलंबून नव्हती.

रोज संध्याकाळी फोन येतो. दूध सव्वातीनवर आलं आहे. काल ओंजळभर पाण्यावर चांदी टिचक्या ऐकूनच पाय फाकवून उभी राहिली, असं रहीमभाई म्हणाले. मी म्हणाले, मग परवा शून्य. 

"तुमची भाभी म्हणू राहिली, रोजे होऊन जाऊ द्या."

"रहीमभाई, तोवर टँकर..."

"व्हय मॅडम, मला कळतं. पण ती चांदीसाठी भरलेला तांब्या लपवून ठेवू राहिली."

माझ्या यादीत रेडिएटरची दुरुस्ती झाली, गुणपत्रिका पोचल्या, नलिनीला पत्र गेलं. एका ओळीवर अजून खूण नाही: चांदी, बिनपाण्याची पहिली धार. तारीख भाभींना विचारून.